चर्चिल आमच्या घरी

जुन्या सीडींचं खोकं उघडलं की हात आधी 'फ्लाइट ६६६' वर जातो. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा हा २००९ चा लाइव्ह अल्बम. हेवी मेटलनं कान किटतात म्हणणाऱ्यांनी (आई, तूसुद्धा) जरा थांबावं. गोष्ट गाण्याची कमी आणि नांदेडची जास्त आहे.

१९७५ चा हा बँड भारतात पहिल्यांदा वाजला तो मार्च २००७ मध्ये, बंगळूरला. पुढच्या वर्षी ८० च्या दशकातली गाणी घेऊन त्यांनी जगभर दौरा काढला, आणि नारळ फोडला तो मुंबईत. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. बोइंग ७५७ मध्ये माणसं आणि सामान एकत्र, आणि विमान चालवायला स्वतः गायक, ब्रूस डिकिन्सन! अल्बममधली गाणी वेगवेगळ्या शहरांतल्या कार्यक्रमांतली आहेत. त्यातलं पहिलं मुंबईचं.

माझा धाकटा भाऊ त्या गर्दीत होता. घरी सांगितलं 'इंटरव्ह्यू आहे', आणि देवगिरी एक्सप्रेसनं गेला. वर्षभर कुणाला पत्ता नाही. अल्बम आला तेव्हा मात्र राहवेना. "यात माझा आवाज आहे" म्हणत त्यानं कॉम्प्युटरवर सीडी लावली. बाबांचा चेहरा काय झाला ते सोडा.

गाण्याआधी एक भाषण लागतं. चर्चिलचं, १९४० सालचं. पुढचं 'एसेस हाय' हे गाणं त्याच वर्षीच्या ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईवर आहे, म्हणून. १९८५ च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'ची सुरुवातही अशीच होती.

आजोबा पलीकडे पेपर वाचत होते. वय ८४. "कोण बोलायलाय रे?"

भावानं नाव सांगितलं. आजोबांनी पेपर खाली ठेवला.

हैदराबाद संस्थानाच्या लढ्यात ते उमरखेडच्या कॅम्पात होते. तेव्हा नांदेड निजामाकडे, उमरखेड सरहद्दीपलीकडे. जुलै १९४८ मध्ये चर्चिल ब्रिटिश संसदेत निजामाची बाजू घेऊन बोलला होता. तेव्हा तो विरोधी पक्षनेता. १७ सप्टेंबरला संस्थान मोकळं झालं. आम्हाला शाळेत चर्चिल भेटला तो फक्त दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात. हैदराबादचं हे मला त्या दिवशी कळलं, तेही हेवी मेटलमुळे.

"आणि ही पोरं त्याच्यासाठी ओरडायलीत? मुंबईत?"

"त्याच्यासाठी नाही आजोबा, पुढचं गाणं येणार म्हणून."

"ते त्याला काय कळणार?"

भावाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, पण आजोबांचंही बरोबरच होतं. मी नंतर हेडफोन लावून ऐकलं. भाषण संपायच्या आत गर्दी गर्जते, आणि ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की मुंबईची पोरं चर्चिलला दाद देतायत.

भाऊ दोन दिवस आजोबांसमोर गेला नाही. आजोबा घरात असले की सीडी बंद. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"ते विमान चालवणाऱ्याचं लाव. भाषण सोडून."