बासरी, गिटार आणि एका मेंढपाळाचा दिवस

बासरी आणि गिटार ही जोडी म्हटली की डोळ्यांसमोर परदेशातली छोटी मैफल येते. पण या जोडीची एक गाजलेली रेकॉर्ड आपल्याकडची आहे. 1967 सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. ऑर्केस्ट्रा नाही, गायक नाही. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. बस्स. तिघं मुख्य वादक तिशीच्या आसपासचे, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचे!

गोष्ट काश्मीरमधल्या एका मेंढपाळाच्या दिवसाची. सकाळी अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. घड्याळाचं काम राग करतात.

आता थोडं इंजिनिअरिंग. संतूरच्या तारांवर कलमांनी आघात करतात, त्यामुळे सूर सुटे सुटे पडतात आणि मींड घेणं अवघड जातं. काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी पट्टी सरकवायचे, म्हणजे एक सूर न तुटता दुसऱ्यात जातो. बासरीत तर श्वासच असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

मग यात बालपण कुठे आलं? माझ्या मते, ते गोष्टीपेक्षा वाद्यांमध्ये आहे. संतूर शिवकुमारांच्या हाती दिलं ते वडिलांनी, जम्मूत, पोरवयात. शास्त्रीय संगीतात तेव्हा त्याला जागाच नव्हती. अलाहाबादच्या हरिप्रसादांचे वडील पहिलवान. मुलानं आखाड्यात नाव काढावं ही त्यांची इच्छा, म्हणून पोरगा चोरून संगीत शिकला. एकाला वाद्य वडिलांकडून मिळालं, दुसऱ्यानं वडिलांपासून लपवलं. आणि दोघंही पुढे मुंबईकर झाले.

यात एक मराठी धागाही आहे. रेकॉर्डचे निर्माते होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, आपल्या भावगीतांच्या पहिल्या पिढीतले गायक. 1930च्या दशकात त्यांना घराघरांत पोचवलं ते ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेनं. रानात घुमणारी शीळ गाऊन ज्यांचं नाव झालं, त्यांनीच तीसेक वर्षांनी मेंढपाळाची बासरी रसिकांपुढे आणली! हा योगायोग असेलही, पण मला तो फार आवडतो.

पुढे काश्मीरच्या नशिबी काय आलं ते आपण जाणतोच. त्या रेकॉर्डमध्ये मात्र मेंढपाळाचा दिवस बिनधोक उगवतो आणि मावळतो. आठवणींचं संगीत हेच तर करतं. जे जागेवर उरलं नाही, ते ऐकता येईल असं ठेवतं.

रेकॉर्डची एक बाजू जेमतेम वीस मिनिटांची. वडाळ्याहून सीएसएमटीला हार्बरनं जाताना आरामात ऐकून होते. ऐका, आणि तुम्हाला कुठलं गाव आठवलं ते नक्की कळवा.