एका रात्रीचा मनोरा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा आग्रह होता की आता आयफेल टॉवर घ्या. घेतो, पण जरा वळसा घालून. आधी आमच्या काठीला चला.

काठी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं गाव. इंग्रजी अमदानीत हे खानदेशातल्या मेहवासी संस्थानांपैकी एक होतं, म्हणून इथली होळी ‘राजवाडी होळी’. ती 1246 पासून सुरू आहे असं गावात सांगतात. म्हणजे देवगिरीवर यादव होते तेव्हापासून. याला लेखी पुरावा द्या म्हणाल तर माझ्याकडे नाही, आणि का नाही तेच आज सांगायचंय.

या होळीच्या मधोमध उभा राहतो बांबूचा दांडा, साठ-सत्तर फुटांचा. सहा मजली इमारत समजा. बांबू गुजरातच्या जंगलातून येतो, खड्डा अवजार न लावता हातांनी खोदतात, आणि दांडा माणसंच उभा करतात. क्रेन नाही, नकाशा नाही. लहानपणी आम्ही ढोलाच्या तालावर नाचणारे, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्ये बघायचो. दांड्याकडे कोण बघतंय! बीटेक झाल्यावर, एका होळीला मान वर करून उभा होतो तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला: हे उभं कसं राहतं?

मग कागद घेऊन बसलो. माप माझं, अंदाजाचं. लांबी 20 मीटर, सरासरी जाडी 7 सेंटिमीटर, आतून पोकळ, भिंत 1 सेंटिमीटर. ओल्या बांबूचं वजन साधारण 40 किलो येतं. फक्त चाळीस! तेवढंच लाकूड भरीव काठीत घातलं तर तिची जाडी पाचेक सेंटिमीटर होईल आणि ती वाकायला तिपटीने सोपी होईल. पोकळी ही बचत नाही, ताकद आहे. पेरं नसती तर नळी वाकताना चपटी होऊन चिरली असती. आणि खाली जाड, वर निमुळता. वाऱ्याचा सगळा वाकवणारा जोर बुडाशी साठतो, म्हणून बूड रुंद. आयफेलच्या कंपनीतल्या मॉरिस केश्लँ आणि एमिल नूगिए यांनी 1884 मध्ये 300 मीटर उंच मनोऱ्याचा आराखडा मांडला, त्याचे चार पाय खाली फाकलेले आहेत ते याच कारणाने. त्यांना ते गणिताने काढावं लागलं. आमच्याकडे ते जंगलात वाढतं, फक्त नेमका बांबू निवडता यायला हवा.

खरी कसोटी उभं करताना. बूड खड्ड्याच्या तोंडाशी, आणि माणसं 2 मीटर उंचीवर हात लावून रेटतायत असं धरा. दांडा 45 अंशांवर आला की हातांना जोर लागतो 80 किलोंचा, म्हणजे वजनाच्या दुप्पट. तोच टेकू 4 मीटरवर लागला तर निम्मा. पण वजनापेक्षा अवघड आहे ते शेंड्याचं डुलणं. एकाने घाईने रेटलं की वर लाट जाते. सगळ्यांचा जोर एका दमात यावा लागतो, आणि दांडा सरळ झाला की तितक्याच दमात थांबावा लागतो, नाहीतर तो पलीकडे कलंडणार.

हाताने खोदलेल्या खड्ड्याचंही मला कारण सुचलं: खड्डा लहान राहतो, बाजूची माती हलत नाही, दांडा घट्ट बसतो. गावातल्या एका आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, “रीत आहे, बाबा.” विषय संपला. (मी आपला गप्प.)

आता आयफेल. 1889 मध्ये मनोरा उघडला तेव्हा परवाना 20 वर्षांचाच होता. 1909 नंतर तो पाडता आला असता. बिनतारी संदेशांसाठी उपयोगी ठरला म्हणून वाचला. आमचा दांडा रात्रभर उभा असतो. पहाटे होळी पेटते आणि तो जळून कोसळतो. मागे राहते राख. इतिहासाच्या अभ्यासकाला हातात घ्यायला काहीच नाही.

पॅरिसमध्ये लोखंड टिकलं, रेखाचित्रं टिकली. बांधणारे गेले तरी चालतं. काठीत वस्तू टिकतच नाही, त्यामुळे ती दरवर्षी कुणालातरी करता यावी लागते. आणि इथली तरुण मुलं वर्षातले कितीतरी महिने गुजरातेत मजुरीला असतात, माझ्यासारखी काही शहरात लॅपटॉपसमोर. होळीला बहुतेक परततात. पण नाचायला परतणं वेगळं, आणि बांबूच्या बनात उभं राहून ‘हा नको, तो’ हे कळणं वेगळं.

मला नाही कळत. गणित येतं, बांबू निवडता येत नाही. पुढच्या वर्षी दांडा आणायला जाणाऱ्यांबरोबर जायचं ठरवलंय, आजोबांना विचारलंय. ते म्हणाले, “ये. पण वही घरी ठेव.”