एकेरी नोंद पद्धती: वहीत काय राहतं, काय सुटतं

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर कितीतरी होडीवाले, वाडीवाले, दुकानदार एकच वही ठेवतात. रोख आली-गेली ती लिहायची, आणि उधारी माणसाच्या नावावर. यालाच एकेरी नोंद पद्धती म्हणतात. कारकून लागत नाही, दहावी न झालेला माणूसही ती ठेवू शकतो. छोट्या धंद्याला चालते. कंपनीला मात्र २०१३ च्या कंपनी कायद्याने दुहेरी नोंदच सक्तीची आहे.

नफा कसा काढायचा? मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून हंगाम १ ऑगस्टपासून धरा. समजा त्या दिवशी होडी, जाळी, रोकड, येणं मिळून आणि देणं वजा जाता ३ लाख होते. ३१ मेला ३ लाख ४० हजार भरले (होडी-जाळ्यांची किंमत झीज कापूनच धरायची, हे बरेचजण विसरतात). मध्ये घरखर्चाला ६० हजार उचलले, घरचे २० हजार धंद्यात घातले. तर ४० अधिक ६० वजा २० म्हणजे नफा ८० हजार. उचल लिहिलीच नसेल तर हाच नफा २० हजार दिसतो!

आणखी अडचण अशी, की नफा डिझेलने खाल्ला की बर्फाने, ते कळत नाही. व्यवहाराच्या दोन्ही बाजू नसल्याने तेरीज जुळवता येत नाही. चूक किंवा अफरातफर झाली तरी सहज सापडत नाही. निदान डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा यांची वेगळी पानं करा, घरची उचल त्याच दिवशी लिहा.