प्रौढ वयात फ्रेंच शिकताना

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगवासात (१९०८ ते १९१४) जर्मन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांच्यापाशी पुस्तके होती आणि वेळ होता. त्याच जिल्ह्यातील लांजा येथे आज फ्रेंच शिकू पाहणाऱ्या नोकरदाराची स्थिती नेमकी उलट आहे. शिक्षक इंटरनेटवर मिळतो, वेळ मिळत नाही.

प्रत्यक्ष वर्गांची नामवंत ठिकाणे म्हणजे पुणे विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूट आणि मुंबई, पुणे व पणजी येथील आलियाँस फ्राँसेज. मुंबई-गोवा महामार्गावर असूनही लांज्याहून तेथे आठवड्यातून दोनदा जाणे अशक्यच. तेव्हा ऑनलाइन वर्ग हाच व्यवहार्य मार्ग.

त्याआधी हेतू ठरवावा. युरोपीय चौकटीत भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. बी-१ पर्यंत साधारणतः चारशे, तर बी-२ पर्यंत सहाशे तास अध्ययन लागते असे मानले जाते. आठवड्याला चार तास देणाऱ्यास बी-२ गाठण्यास सुमारे तीन वर्षे लागतील. 'सहा महिन्यांत अस्खलित फ्रेंच' या जाहिरातींचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

मराठी भाषकाला काही गोष्टी आयत्याच मिळतात. 'तू' आणि 'तुम्ही' यांतील अंतर फ्रेंचमध्ये 'त्यु' आणि 'वू' या रूपांत भेटते. 'आंबा खाल्ला', पण 'भाकरी खाल्ली', असे कर्मानुसार क्रियापद बदलणे आपल्या अंगवळणी पडलेले असते. फ्रेंचमध्येही कर्म आधी आले की भूतकालवाचक धातुसाधित त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीच्या आधाराने शिकवणारी पुस्तके हा नियम उगीचच अवघड करून सांगतात. चित्पावनीसारख्या बोली कानावर पडलेल्यांना सानुनासिक स्वरही परके वाटत नाहीत. ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार वीस' म्हणतो, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबात चार कोडी. नव्याण्णव म्हणजे 'चार वीस दहा नऊ'.

लिंगांच्या बाबतीत मात्र मराठी दगा देते. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. पुस्तक पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी आणि चंद्रही स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम उपपदासह पाठ करावे. खरी कसोटी कानाची आहे. शब्दाचे अखेरचे व्यंजन बहुधा मुके असते, पण पुढील शब्द स्वराने सुरू झाला की ते अनेकदा उच्चारले जाते. त्यामुळे लिहिलेले वाक्य समजते, ऐकलेले समजत नाही. रोज वीस मिनिटे फ्रेंच बातम्या ऐकणे हे रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा उपयुक्त. 'त्यु'मधील स्वरासाठी ओठांचा चंबू करून 'ई' म्हणावे. घरचे हसतील, हसू द्यावे.

परीक्षेची निवड विचारपूर्वक करावी. 'डेल्फ' प्रमाणपत्र आजन्म वैध असते. ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे या चार भागांत प्रत्येकी पंचवीस गुण असतात; उत्तीर्ण होण्यास एकूण पन्नास आणि प्रत्येक भागात किमान पाच गुण हवेत. कॅनडात स्थलांतर करू इच्छिणाऱ्यांना मात्र 'टीईएफ कॅनडा' अथवा 'टीसीएफ कॅनडा' द्यावी लागते, तेथे डेल्फ चालत नाही. या परीक्षांचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. २०२३ पासून तेथे फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवडफेऱ्या होतात. त्यांसाठी चारही कौशल्यांत साधारण बी-२ ची तयारी लागते. अर्जाची वेळ ठरल्याखेरीज ही परीक्षा देऊ नये.