कांस्याची दोन पदकं आणि रोझ वालाँच्या चिठ्ठ्या

आजच्या भागाला सुरुवात करायच्या आधी एक समज जरा बाजूला ठेवूया. आपल्याकडे कांस्यपदक म्हटलं की काय आठवतं? तिसरा नंबर. शाळेच्या स्पर्धेपासून ऑलिंपिकपर्यंत, कांस्य म्हणजे 'थोडक्यात हुकलं बघ'. पण एखाद्याच्या कामाची आठवण म्हणून जी पदकं घडवतात, तिथे कांस्याला असा कमीपणा नसतो. तांब्यात थोडं कथील मिसळून हा धातू होतो. ओता किंवा ठशाखाली दाबा, बारीक रेषसुद्धा त्यावर नीट उमटते. शेकडो वर्षं टिकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एवढासा तुकडा वितळवून विकावा असा मोह कुणाला होत नाही. सोन्याचं पदक घरच्या अडचणीत सोनाराकडे जाऊ शकतं. कांस्याचं कपाटातच राहतं.

आजची गोष्ट अशाच एका पदकाची आहे. खरं तर दोन पदकांची. आणि ती ज्या बाईला मिळाली, तिची.

पहिलं पदक फ्रान्सचं. त्याला 'रेझिस्टन्स मेडल' म्हणतात, म्हणजे प्रतिकाराचं पदक. रुंदी ३७ मिलिमीटर, आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा बरोबर एक सेंटिमीटर जास्त. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना जनरल द गॉल यांनी लंडनमध्ये बसून ९ फेब्रुवारी १९४३ ला ते सुरू केलं. पुढच्या बाजूला दोन आडव्या दांड्यांचा लोरेनचा क्रूस, आणि रोमन आकड्यांत एक तारीख : १८ जून १९४०. त्या दिवशी द गॉल बीबीसी रेडिओवरून बोलले, की लढाई संपलेली नाही. (आपण पॉडकास्टवाले, म्हणून सांगतो. इतिहासातल्या इतक्या गाजलेल्या भाषणाचं रेकॉर्डिंग त्या दिवशी कुणी ठेवलंच नाही!)

पदक उलटं केलं की मागे तीन लॅटिन शब्द दिसतात : 'पात्रिया नॉन इम्मेमोर'. देश विसरत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

हे पदक मिळालेल्यांमध्ये सैनिक होते, रेल्वे कामगार होते, छापखानेवाले होते. आणि एका संग्रहालयात काम करणारी, जाड चष्म्याची, साध्या कपड्यांतली एक बाई होती. रोझ वालाँ. जन्म १ नोव्हेंबर १८९८, आग्नेय फ्रान्समधल्या एका छोट्या गावात. वडील लोहार. मी तिला 'ती'च म्हणणार आहे, आपण आजीला म्हणतो तसं. अनादर समजू नका.

लोहाराची ही लेक शिकत शिकत पॅरिसला पोचली. चित्रकला शिकली, कलेचा इतिहास शिकली, पदव्यांवर पदव्या घेतल्या. १९३२ मध्ये ती 'ज्यो द पोम' नावाच्या संग्रहालयात रुजू झाली. ही इमारत त्विलरी बागेच्या कोपऱ्यात आहे, लूव्रपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे परदेशी चित्रकारांची आधुनिक चित्रं असायची. काम क्युरेटरचं, पण पगार? नाही. जवळजवळ नऊ वर्षं ती तिथे बिनपगारी होती. आजच्या भाषेत नऊ वर्षांची अनपेड इंटर्नशिप! क्युरेटरला आपल्या सरकारी मराठीत 'अभिरक्षक' म्हणतात. शब्द सुंदर आहे, रक्षण करणारा. पण युद्धाच्या काळात तिच्याकडे तो हुद्दा कागदोपत्री नव्हताच.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. शरद ऋतू संपेपर्यंत ज्यो द पोमचा ताबा नाझींच्या एका खास पथकाने घेतला. पथकाचा प्रमुख आल्फ्रेड रोझेनबर्ग. काम एकच : फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबांच्या घरांतून आणि दुकानांतून चित्रं, शिल्पं, गालिचे, फर्निचर उचलायचं, या इमारतीत आणून यादी करायची, आणि जर्मनीला पाठवायचं. चार वर्षांत दोनशेहून जास्त संग्रहांमधल्या वीस हजारांहून जास्त वस्तू अशा गोळा झाल्या. हिटलरचा उजवा हात गोरिंग इथे वीसेक वेळा आला. बाजारात भाजी निवडावी तशी भिंतीवरची चित्रं निवडायचा.

राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रमुख झाक झोजार यांनी रोझला सांगितलं, काहीही झालं तरी जागा सोडू नकोस. तिने सोडली नाही. जर्मनांना वाटायचं, ही बाई इमारतीची देखभाल बघते, फ्यूज उडाला की दुरुस्त करून घेते, बिनकामाची आहे. तिला जर्मन समजतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

बस्स. एवढ्या एका गोष्टीवर पुढची चार वर्षं उभी आहेत.

ती ऐकायची. कुठलं खोकं कुठल्या किल्ल्यात चाललंय, कुठल्या गाडीने, कुणाच्या घरातून आलंय. टाइपरायटरचे वापरलेले कार्बन पेपर कचऱ्याच्या टोपलीतून काढून वाचायची. फोटोंच्या निगेटिव्ह रात्री घरी न्यायची, प्रती काढायची, आणि सकाळी सगळे यायच्या आत जागेवर ठेवायची. मग चिठ्ठ्या लिहून झोजारना पोचवायची. तिला त्या इमारतीतून चार वेळा बाहेर काढलं गेलं आणि चारही वेळा ती परत आली. एकदा ब्रूनो लोझं नावाच्या अधिकाऱ्याने तिला पत्ता वाचताना पकडलं आणि बजावलं, की यासाठी तुला गोळी घातली जाऊ शकते. तिने शांतपणे उत्तर दिलं, की हा धोका न कळण्याइतकं मूर्ख इथे कुणी नाही. हे तिनेच नंतर लिहून ठेवलंय.

या सगळ्यातली सगळ्यात जड नोंद १९४३ च्या जुलैची आहे. नाझींच्या मते 'बिघडलेली' अशी आधुनिक चित्रं, पिकासो, मिरो, क्ले यांच्यासारख्यांची, फाडून संग्रहालयाच्या अंगणात जाळली गेली. तिने पाचशे-सहाशे असा आकडा लिहिलाय. नेमकी किती जळली यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. पण त्या दिवशी ती तिथेच होती, काहीच करू शकत नव्हती, आणि तरीही तिने लिहून ठेवलं.

आता रेल्वेची गोष्ट. १९४४ चा ऑगस्ट, दोस्त सैन्य पॅरिसच्या दिशेने येतंय. जर्मनांनी घाईघाईने उरलेल्या आधुनिक चित्रांची १४८ खोकी पाच डब्यांत भरली. रोझने गाडीचा नंबर मिळवला, झोजारना कळवला, आणि तिथून तो रेल्वेतल्या बंडखोर कामगारांपर्यंत पोचला. मग काय! आज इंजिन बिघडलं, उद्या रूळ मोकळा नाही. गाडी पॅरिसच्या वेशीवरच रखडली. २७ ऑगस्टला फ्रेंच सैन्याच्या एका तुकडीने ती ताब्यात घेतली. तुकडीचा लेफ्टनंट होता अलेक्झांडर रोझेनबर्ग. नाव ऐकून दचकू नका, नाझी रोझेनबर्गशी त्याचा काही संबंध नाही. हा पॅरिसमधले मोठे ज्यू कलाव्यापारी पॉल रोझेनबर्ग यांचा मुलगा. आणि त्या डब्यांत त्याच्या वडिलांच्या मालकीची चित्रंही होती. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही!

सिनेमे आलेच म्हणा. १९६४ चा 'द ट्रेन' याच प्रसंगावर बेतलाय. २०१४ च्या 'द मॉन्युमेंट्स मेन'मध्ये केट ब्लँचेटची भूमिका रोझवरूनच घेतलीये. त्यात तिचं आणि अमेरिकन अधिकाऱ्याचं काहीतरी जुळतंय असं सुचवलंय. ते सोडून द्या. रोझची आयुष्यभराची जोडीदार होती जॉइस हीर, आणि दोघींना एकाच ठिकाणी पुरलंय.

अमेरिकन अधिकारी मात्र खरा होता. जेम्स रोरिमर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा क्युरेटर, त्या वेळी गणवेशात. रोझने लगेच त्याच्या हातात सगळं दिलं नाही. महिनोन्‌महिने त्याला पारखलं. मला हे फार पटतं. चार वर्षं जीव धोक्यात घालून जमवलेली माहिती पहिल्याच हसऱ्या माणसाला कोण देईल? शेवटी दिली, आणि त्या माहितीवरून तो बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात पोचला. डिस्नेच्या किल्ल्याची कल्पना जिथून आली असं म्हणतात, तोच. आत लुटीचा प्रचंड साठा होता, आणि नाझींनी स्वतःच शिस्तीत लिहिलेली कार्डंही.

रोझ मग फ्रेंच सैन्यात अधिकारी म्हणून जर्मनीत गेली आणि अनेक वर्षं तिथे चित्रं शोधत राहिली. फ्रान्सला साठ हजारांच्या आसपास वस्तू परत मिळाल्या. त्यातल्या सुमारे पंचेचाळीस हजार मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत गेल्या. व्हर्मीरचं 'खगोलशास्त्रज्ञ' हे चित्र रोथशिल्ड कुटुंबाकडून लुटलेलं होतं, हिटलरसाठी राखून ठेवलेलं. तेही परत आलं. आज लूव्रमध्ये आहे.

आता दुसरं पदक. १९४८ मध्ये अमेरिकेने तिला 'मेडल ऑफ फ्रीडम' दिलं. तेही कांस्याचं. युद्धात मदत करणाऱ्या, सैन्यात नसलेल्या लोकांसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये ते सुरू केलं होतं. पुढे अमेरिकेच्या संसदेच्या घुमटावरच्या स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, मागे लिबर्टी बेल.

आणि क्युरेटरचा हुद्दा? तो आला १९५२ मध्ये. तारखा शेजारी ठेवून बघा. १९३२ ला काम सुरू, १९४८ पर्यंत दोन देशांची पदकं, आणि स्वतःच्या खात्यात हुद्दा वीस वर्षांनी. तिच्याबरोबरचे पुरुष सहकारी या काळात कुठे पोचले असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आता परत येऊ त्या तीन शब्दांकडे. देश विसरत नाही. देशाने रोझला पदक दिलं, पण ती जे आठवत होती त्याचा त्याला हळूहळू कंटाळा आला. युद्ध संपून पाचच वर्षं होत नाहीत तोवर चित्रं शोधून परत करणारं सरकारी आयोगाचं काम आटोपतं घेतलं गेलं. मालक न सापडलेली दोन हजारांवर चित्रं आणि वस्तू संग्रहालयांकडे सोपवल्या गेल्या आणि तिथे वर्षानुवर्षं भिंतींवर टांगलेल्या राहिल्या. रोझ १९६८ ला निवृत्त झाली, तरी जुन्या कागदांवर काम करत राहिली. चित्र सापडलं म्हणजे काम संपलं असं तिला कधी वाटलं नाही. ते कुणाच्या दिवाणखान्यातून उचललं होतं, हे कळायला हवं.

१८ सप्टेंबर १९८० ला ती गेली. ज्यो द पोमच्या भिंतीवर तिच्या नावाची पाटी लागायला २००५ साल उजाडलं.

ज्या वस्तूंचे मालक अजून सापडलेले नाहीत, त्यांची फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाची ऑनलाइन यादी तिच्या नावाने ओळखली जाते. हा भाग संपला की फोनवर उघडून बघा. फ्रेंच येत नसेल तरी चालेल, चित्रं दिसतात. कुणाच्या तरी घरातला फुलांचा गुच्छ, कुणाच्या तरी आजीचं पोर्ट्रेट. चित्रकाराचं नाव आहे, मापं आहेत, जर्मनीत कुठे सापडलं तेही आहे. मालकाच्या नावाची जागा अजून रिकामी आहे.