सुचेता दलाल : रोखेबाजारावरील जागता पहारा

मुंबईच्या रोखेबाजारातील गैरव्यवहार सामान्य वाचकापर्यंत पोहोचविणाऱ्या पत्रकारांमध्ये सुचेता दलाल यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयातून संख्याशास्त्राची पदवी आणि मुंबई विद्यापीठातून कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण, ही त्यांची पूर्वतयारी. १९८४ मध्ये एका गुंतवणूकविषयक नियतकालिकातून त्यांची पत्रकारिता सुरू झाली. 'बिझनेस स्टँडर्ड' व 'इकॉनॉमिक टाइम्स' या अर्थविषयक दैनिकांनंतर त्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त आल्या.

२३ एप्रिल १९९२ रोजी तेथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बातमीने देशभर खळबळ उडाली. स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांत सुमारे ५०० कोटी रुपयांचा मेळ बसत नव्हता आणि ही रक्कम भरण्यास एका बड्या दलालाला सांगण्यात आले होते. हा दलाल म्हणजे हर्षद मेहता. बँका ठरावीक मुदतीने परत घेण्याच्या बोलीवर एकमेकींना सरकारी रोखे विकत. प्रत्यक्ष रोख्यांऐवजी केवळ 'बँक रिसीट' हाती पडे. काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. बँकांचा पैसा मात्र दलालामार्फत शेअर बाजारात खेळत होता. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने सुमारे ४,०२४ कोटी रुपयांचे व्यवहार सदोष ठरविले. त्याच वर्षी विशेष न्यायालय व संयुक्त संसदीय समितीही नेमण्यात आली.

या प्रकरणावर त्यांनी देबाशिष बसू यांच्यासह 'द स्कॅम' हे पुस्तक लिहिले. १९९८ पर्यंत त्या 'टाइम्स'च्या अर्थविषयक संपादक होत्या. पुढे 'इंडियन एक्स्प्रेस' समूहाच्या सल्लागार संपादक झाल्या. २००६ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्याच वर्षी 'मनीलाइफ' हे नियतकालिक सुरू झाले आणि २०१० मध्ये गुंतवणूकदारांच्या साक्षरतेसाठी 'मनीलाइफ फाउंडेशन'.

राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) १९९४ मध्ये सुरू झाला तो पारदर्शकतेचे आश्वासन देत. बाजाराच्या आवारातच सर्व्हर ठेवणाऱ्या काही दलालांना भावांची माहिती इतरांआधी मिळते, असा आरोप करणारे निनावी पत्र 'मनीलाइफ'ने २०१५ मध्ये उजेडात आणले. एनएसईने १०० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. मुंबई उच्च न्यायालयाने प्रसिद्धीवर अंतरिम मनाई नाकारली आणि एनएसईलाच ५० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. त्यांपैकी ४७ लाख रुग्णालयांसाठी होते.

२०१९ मध्ये 'सेबी'ने एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरण्यास सांगितले. २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ही वसुली रद्द केली. मात्र पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरण्याचा आदेश दिला. वसुलीच्या रकमेवर मतभेद झाले तरी बाजाराला जाब विचारण्याचा वृत्तपत्रांचा हक्क या लढ्यात अबाधित राहिला. ज्याची पुंजी बाजारात असते पण ज्याला बाजाराची आतील वाट ठाऊक नसते, त्या छोट्या गुंतवणूकदाराला याच हक्काचा आधार असतो.