शांबोर : वाडा राजाचा, वर्गणी लोकांची

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात शांबोर हा राजवाडा आहे. युरोप सहलीत आम्ही उभयतांनी तो पाहिला, पण त्याची खरी गोष्ट मला नंतर वाचनात सापडली. उभी हयात बँकेत गेल्यामुळे असेल, वास्तू बांधली कोणी यापेक्षा पैसे कोणी भरले आणि सांभाळली कोणी, याकडे माझं लक्ष आधी जातं.

पहिल्या फ्रान्स्वा राजाने ऐन पंचविशीत, १५१९ साली, बांधकाम काढलं. चारशेहून अधिक खोल्या, २८२ शेकोट्या आणि मधोमध तो प्रसिद्ध दुहेरी जिना. एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, पण समोरासमोर येत नाहीत. एवढा खटाटोप करून ३२ वर्षांच्या कारकिर्दीत राजा तिथे राहिला किती? सगळे मिळून ७२ दिवस! वाडा मुळात शिकारीसाठी. सामानसुमानही दरबाराबरोबर यायचं आणि परत जायचं.

खरी दौलत भोवतालचं रान. सुमारे ५,४४० हेक्टर, सभोवती ३२ किलोमीटरची भिंत. ती पुरी व्हायला शंभर वर्षं लागली. आत ओक आणि पाइनची झाडी, मोठी हरणं, रानडुकरं.

राज्यक्रांतीत वाड्यातलं सामान लिलावात गेलं. पुढे १८२१ साली देशभर वर्गणी काढून ही इस्टेट राजघराण्यातल्या एका तान्ह्या मुलाला भेट म्हणून विकत घेतली गेली. पोल-लुई कूरिए नावाच्या लेखकाने जाहीर विरोध केला. लोकांच्या पैशाने राजपुत्राला वाडा कशाला, त्यापेक्षा जमीन तोडून शेतकऱ्यांना द्या, असं त्याचं म्हणणं. त्या पुस्तिकेपायी त्याला दोन महिने तुरुंगवास झाला.

मला वाटतं, त्याचा प्रश्न रास्त होता. पण जमिनीचे तुकडे पडले असते तर ते रान आज उरलं नसतं, हेही खरं. राजपुत्राला १८३० च्या क्रांतीनंतर देश सोडावा लागला. तो तिथे कधी नांदला नाही, मात्र देखभालीचा खर्च त्याने चालू ठेवला. अखेर १९३० मध्ये सरकारने इस्टेट खरेदी केली. वाडा आणि रानाचा काही भाग आता सर्वांना खुला आहे, बाकीचं रान वन्यजीवांसाठी राखलेलं. १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने लूव्र संग्रहालयातली चित्रं हलवली, तेव्हा 'मोनालिसा'ही इथे आली होती. १९८१ पासून शांबोर जागतिक वारसा आहे.

आपली इमारत म्हणजे काही शांबोर नव्हे. पण वर्गणीवर आणि देखभालीवर तीही उभी आहे. म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त एवढंच सुचवतो : वार्षिक सभेत पैशाचा जाब विचारणाऱ्या सभासदाला गप्प बसवू नये. आणि पार्किंगसाठी मागची झाडं तोडायचा विषय निघाला, तर मतदानाआधी एकदा त्या झाडांखालून चक्कर मारून यावं.